डॅमेज

खासबागेत दुपारी करंट गेला की
आधी कान दुखतात.
बारा माग एकदम थांबले की शेडमध्ये
घरात कुणी गेल्यासारखं वाटतं,
मग हळूहळू पलीकडच्या गल्लीतली कोंबडी ऐकू येते.

अशाच एका दुपारी मी गोष्ट सांगितली,
शाळेच्या लायब्ररीतल्या, पुठ्ठा निघालेल्या पुस्तकातली.
ग्रीस देशातली एक विणकरीण.
नाव माझ्या जिभेवर बसेना.
"असू दे," शारव्वा म्हणाली, तुटलेली टोकं जोडता जोडता,
"आमचं तरी कुठं बसतंय कुणाच्या जिभेवर."

ती विणायची ते बघायला नदीतल्या पऱ्या वर यायच्या.
लोक म्हणाले, देवीनं शिकवलं असणार.
ती म्हणाली, नाही. हातांनी शिकवलं.
तर देवी आली, घुबड घेऊन,
माग मांडून समोर बसली.
"घुबड? मग लक्ष्मीच की."
लक्ष्मी नव्हे, मावशी. विणकामाची देवी. आणि लढाईची.
"दोन्ही खाती एकीकडंच," तुळजाक्का हसली,
"आमच्या शेठसारखी."

देवीनं विणला देवांचा दरबार,
चारी कोपऱ्यांत
शिक्षा झालेली माणसं, दम भरायला.
पोरीनं विणलं देवांनी काय काय केलं ते:
बैल होऊन पळवलेली एक,
हंस होऊन फसवलेली एक,
कोंडलेल्या खोलीत
सोन्याचा पाऊस होऊन गाठलेली एक.
काठाला वेल आणि फुलं.
एक धागा चुकला नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
चिंधीला हात पुसत शारव्वानं विचारलं,
"खोटं होतं काय ते?"
नाही.
"मग विणीत खोट?"
देवीलाच सापडली नाही.
म्हणून तर तिनं कापड टराटरा फाडलं
आणि धोट्यानं पोरीच्या कपाळावर मारलं,
तीनदा, चारदा.
"सूत कुणाचं होतं?"
पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं.
"तिचंच असणार. फाडताना दुसऱ्याचंच फाडतेत."

पोरीनं दोर घेतला. मग देवीला कीव आली,
मरू दिलं नाही,
कोळी करून टाकलं.
"कीव म्हणतेत ह्याला?"

तुळजाक्का सौंदत्तीकडची.
तिनं कपाळाचा भंडारा चाचपला.
"आमच्या यल्लम्मानं तर विणलंही नव्हतं काही.
पाण्याला गेली, नदीत बघितलं नुसतं.
तेवढ्यात वाळूची घागर विरघळली,
घरी जाऊस्तोवर निकाल लागलेला
आणि कुऱ्हाड पोटच्या पोराच्या हातात."
एवढं बोलली आणि करंट आला.
पुढचं काही ऐकू आलं नाही.

शनिवारी हिशेब.
वही कन्नडमध्ये, शिव्या मराठीत,
दंडाला दोन्ही भाषा येतात.
शारव्वाच्या नावापुढं: डॅमेज, साठ रुपये.
दर शनिवारी ती नोटा मोजते, पदराच्या गाठीत बांधते
आणि जाते.
ह्या शनिवारी म्हणाली,
"कुठं हाय? दाखवा की."

शेठनं साडी ट्यूबखाली धरली.
उलटी केली, सुलटी केली.
चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.
आम्ही सगळ्या उभ्या,
जॉबर इराप्पासुद्धा, हातात पाना धरून.
काठापासून पदरापर्यंत शोधलं त्यानं, मन लावून,
हे मला सांगायलाच पाहिजे.
मग घडी घातली. साठ कापले.
आणि वहीत खाली आणखी एक ओळ लिहिली.

"काय लिहालेत गं?" शारव्वानं मला विचारलं.
मला कन्नड वाचता येतं.
उलट उत्तर, मी म्हटलं. चाळीस.

"म्हणजे डाग सापडला नाही," ती म्हणाली,
आणि दारातल्या ढिगात
चपला शोधू लागली.